कार्यालयाची अनामत परत मिळाली

बहिणीचं लग्न ठरल्यावर पुण्यात कार्यालय धरलं होतं. सासरकडच्यांच्या आजारपणामुळे तारीख रद्द करावी लागली. मॅनेजर म्हणाला, "पावतीमागे लिहिलंय ना, पैसे परत मिळणार नाहीत." तसं छापलेलं होतंही.

पण पावतीवर दोन वेगळ्या रकमा होत्या: भाड्याचा ॲडव्हान्स आणि अनामत. अनामत ही नुकसान, वीज, सफाईसाठी असते. कार्यक्रमच झाला नाही तर ती कापायची कशातून? तिच्यावर वाद घालायचं कारणच नव्हतं, आधी तीच मागितली.

भाड्याचं जरा अवघड. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी भरपाई वाजवी तेवढीच मिळते, लिहिलेली रक्कम ही फक्त कमाल मर्यादा. आमची तारीख दाट मुहूर्ताची, म्हणजे हॉल रिकामा राहण्याची, पर्यायाने मालकाचं नुकसान होण्याची शक्यता कमीच. आम्ही रद्द केल्यावर मामेभावाने त्याच तारखेची चौकशी केली, तर "बुक झालाय" असं व्हॉट्सॲपवर उत्तर आलं. तो स्क्रीनशॉट सोन्यासारखा जपला!

मग रद्द केल्याची तारीख, पावत्या, बँकेचा उतारा जोडून ईमेल आणि रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, हेही पत्रात मुद्दाम लिहिलं.

मालकाचाच फोन आला. अनामत पूर्ण, भाड्यातून थोडी कपात. मी मान्य केलं, पण पैसे खात्यात आल्यावरच सही दिली.