ग्लीसन ९ घेऊन लांबचा पल्ला गाठायचा तर

प्रोस्टेट कॅन्सरच्या बायॉप्सीच्या कागदावर ‘ग्लीसन ४+५=९’ छापून आलं की घरातले अर्धे लोक मोबाइल उघडतात आणि उरलेले देव्हाऱ्यासमोर बसतात. पेशंटनं मात्र तिसरं काम हातात घ्यावं. पुढची दहा वर्षं आपण असणार आहोत असं धरून तयारीला लागावं. हे नुसतं धीर द्यायला म्हणत नाही. मी पाटबंधारे खात्यातला निवृत्त शाखा अभियंता, राहणार सातारा. निदान झालं तेव्हा एकसष्टीत होतो. पीएसए (प्रोस्टेटच्या आजाराचा रक्तातला आकडा) ३८, गाठ प्रोस्टेटच्या बाहेर शुक्राशयापर्यंत गेलेली. आता सत्तरी ओलांडलीय. मधे आजार एकदा परतही आला होता. ज्याच्या हातात हा कागद परवाच पडलाय, त्याच्यासाठी हे लिहितोय.

आधी कागद, मग निर्णय

हा आजार जोराचा असला तरी त्याची चाल आठवड्यांची आहे, तासांची नाही. लघवी तुंबली असेल किंवा पायातली ताकद जात असेल तर गोष्ट वेगळी. एरवी तपासण्या नीट करून घ्यायला तुमच्याकडे वेळ असतो, तो घ्या.

ग्रेड आणि स्टेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोनाल्ड ग्लीसन नावाच्या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टनं १९६०च्या दशकात ग्रेड ठरवायची ही पद्धत बसवली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची ठेवण किती बिघडली आहे याचे दोन आकडे, पहिला सगळ्यांत जास्त दिसणाऱ्या ठेवणीचा. ४+५ ला हल्ली ‘ग्रेड ग्रुप ५’ असंही लिहितात. ते वाचून आमच्या मुलानं ‘पाचवी स्टेज’ असा अर्थ लावला आणि पुण्याहून रात्रीच निघाला. पाचवी स्टेज नसतेच. आजार कुठवर पोचलाय, म्हणजे स्टेज, ते एमआरआय आणि पीएसएमए (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवरचं प्रथिन) शोधणारा पेट-स्कॅन सांगतात. पेट परवडत नसेल तर हाडांचा स्कॅन आणि सीटी. ते हातात येईपर्यंत कुणी वर्षांचा हिशोब सांगू लागला तर ऐकू नका.

बायॉप्सीच्या काचा आणि मेणाचे ठोकळे लॅबकडून मागून घ्या आणि मोठ्या कॅन्सर केंद्रातल्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घ्या. ग्लीसनचा आकडा वाचणाऱ्यागणिक थोडा हलू शकतो आणि त्यावर उपचार बदलतो. दुसऱ्या मतासाठी मुंबईला धावायलाच हवं असंही नाही. नॅशनल कॅन्सर ग्रिड आणि टाटा मेमोरियलच्या तज्ज्ञांचं मत ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेमार्फत घरबसल्या कागद पाठवून मिळतं.

आणि एक फाइल करा. तिच्या पहिल्या पानावर तक्ता: तारीख, पीएसए, टेस्टोस्टेरॉन (ज्या पुरुषी हार्मोनवर हा कॅन्सर वाढतो ते), कुठलं औषध सुरू, कुठलं बंद. ओपीडीत डॉक्टर तुम्हाला काही मिनिटं देतात. त्यातली निम्मी कागद उलटण्यात जाऊ नयेत.

‘किती वर्षं?’ हा प्रश्न कसा विचारायचा

“अहो, किती वर्षं म्हणाले?” असं हिनं मला लिफ्टमध्येच विचारलं. डॉक्टर काहीच म्हणाले नव्हते, कारण प्रश्नच चुकीच्या जागी टोचतो. आमचा जिल्हा बघा. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या लोकांना ५०० पडला तरी बरं वर्ष वाटतं. ‘सातारा जिल्ह्याची सरासरी’ काढता येते, खात्यात आम्ही ती काढायचो, पण तिच्यावर महाबळेश्वरची छत्री घेता येत नाही की माणमधल्या दहिवडीची विहीर खोदता येत नाही. तेव्हा विचारायचं ते असं: माझ्यासारख्या ग्रेडच्या, माझ्यासारख्या स्टेजच्या आणि तुम्ही मला देणार आहात तोच उपचार घेतलेल्या माणसांचं काय झालं?

असं विचारलं की उत्तरं बदलतात. परळच्या टाटा हॉस्पिटलात २२४ हाय-रिस्क पेशंटांवर एक अभ्यास झाला. अर्ध्यांना फक्त प्रोस्टेटला शेक (रेडिएशन) दिला, अर्ध्यांना ओटीपोटातल्या लसिका गाठींनाही. सोबत सगळ्यांना हार्मोनचा, म्हणजे टेस्टोस्टेरॉन खाली आणायचा, उपचार होताच. पाच वर्षांनी पीएसए पुन्हा न चढलेले पहिल्या गटात ८१ टक्के होते, दुसऱ्यात ९५ टक्के. आणि दोन्ही गटांत नव्वद टक्क्यांहून जास्त माणसं जिवंत होती. ही आपल्याकडची, आपल्यासारखीच माणसं आहेत, रेल्वेनं परळला येऊन रांगेत बसलेली. इंग्लंडमधल्या स्टॅम्पीड अभ्यासात आजार लांब न पसरलेल्या पण धोका जास्त असलेल्या पुरुषांना नेहमीच्या उपचारासोबत दोन वर्षं अबिराटेरोन या हार्मोन दाबणाऱ्या गोळ्या दिल्या, तर सहा वर्षांनी ८६ टक्के हयात होते. त्याशिवाय हाच आकडा ७७ होता.

हाडांत पसरलेल्यांचे आकडे इतके सोपे नाहीत आणि मी ते गोड करून सांगणार नाही. लॅटिट्यूड नावाच्या अभ्यासात पसरलेल्या, जोरदार आजारात मध्यक आयुष्य ३६.५ महिन्यांवरून अबिराटेरोनमुळे ५३.३ महिन्यांवर गेलं. मध्यक म्हणजे निम्मी माणसं त्याच्या पुढे गेली, आणि काही बरीच पुढे. शिवाय एक गोष्ट नेटवर कुणी सांगत नाही: दहा वर्षं जगण्याचा कुठलाही आकडा हा दहा वर्षांपूर्वी सुरू झालेल्या उपचारांचा असतो. आज तुम्हाला मिळणारी नवी औषधं त्यात मोजलेलीच नसतात.

मला भेटायला एक लांबचे मेव्हणे ‘शेवटची गाठभेट’ म्हणून आले होते. चेहरा तसाच करून बसले, चहाही घेतला नाही. पुढे त्यांच्या नातवाच्या मुंजीत मी पंगतीत बसून दोनदा श्रीखंड मागून घेतलं. अशा पाहुण्यांना भेटीची वेळ आखून द्या, हाही उपचारच.

उपचारात तुमच्याकडचं काम

शस्त्रक्रिया, शेक, इंजेक्शन, गोळ्या यांतलं काय आणि कुठल्या क्रमानं, ते डॉक्टरांचं काम. एकच आग्रह धरा: युरॉलॉजिस्ट आणि रेडिएशनवाले डॉक्टर, दोघांना भेटल्याशिवाय ठरवू नका. कापणारा कापायला सांगतो, शेक देणारा शेकायला, यात कुणाचा खोटेपणा नसतो. दोघांचं ऐकून तिसऱ्यांदा आपण विचारायचं.

शेकाच्या दिवसांत मूत्राशय भरलेलं आणि पोट साफ हवं, नाहीतर टेबलावरून उठवून परत बसवतात. पाणी किती वाजता प्यायचं याचा अंदाज दोन-चार दिवसांत येतो. हार्मोनचं इंजेक्शन तीन महिन्यांचं असेल तर त्याची तारीख कॅलेंडरवर लाल शाईनं लिहा आणि लग्नसराई, वारी, मुलाकडचा मुक्काम हे सगळं तिच्या भोवतीनं बसवा. पहिल्या इंजेक्शननंतर टेस्टोस्टेरॉन काही दिवस उलट उसळी मारतं. ती दाबायला आधी गोळ्या लागतील का, हे विचारा. हाडांत गाठी असतील तर नक्कीच विचारा. दरमहा इंजेक्शनचा खर्च झेपत नसेल तर वृषणं काढण्याची छोटी शस्त्रक्रिया तेच काम कायमचं करते. त्यात कमीपणा काही नाही. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये याच मार्गानं हा आजार दबतो हे दाखवलं आणि १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

अबिराटेरोनच्या गोळ्या साधारणपणे उपाशीपोटी असतात, खाल्ल्यानंतर दोन तासांनी आणि नंतर एक तास काही नाही. मी पहाटे उठून घ्यायचो. सोबतची स्टेरॉइडची गोळी मात्र खाऊन घ्यायची आणि ती आपल्या मनानं अचानक बंद करायची नाही. घरात बीपीचं यंत्र हवंच. पोटॅशियम आणि लिव्हरची तपासणी सुरुवातीच्या महिन्यांत वारंवार लागते. या औषधाच्या भारतीय कंपन्यांच्या गोळ्या मूळ ब्रँडपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतात. डॉक्टरांना मोकळेपणानं ‘स्वस्तातली कुठली चालेल’ असं विचारावं.

जगणार असाल तर हाडं जपा

या विषयावर मी सगळ्यांत जास्त डोकं खातो. टेस्टोस्टेरॉन खाली गेलं की कॅन्सर उपाशी राहतो, पण त्याबरोबर हाडं भुसभुशीत होतात, दंड-मांड्या वितळतात, पोट सुटतं, साखर आणि कोलेस्टेरॉल चढतं. पीएसए अगदी नगण्य असलेला माणूस बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडून घेतो किंवा हार्टअटॅकनं जातो, आणि घरचे म्हणतात कॅन्सरनं गेला.

म्हणून इंजेक्शन सुरू होतानाच हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करा. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांना विचारून घ्या. हाडं बळकट करायचं इंजेक्शन सांगितलं तर त्याआधी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन किडके दात काढायचे ते काढून घ्या. इंजेक्शन सुरू असताना दात काढला तर जबड्याचं हाड चिघळू शकतं. बाथरूममध्ये धरायला दांडी लावा, गुळगुळीत फरशीवर जाड मॅट टाका.

नुसतं चालणं पुरत नाही. आमच्याकडे सकाळी अजिंक्यतारा चढणारी मंडळी खूप. मी ‘चार भिंती’ या टेकडीवरच्या ठिकाणापर्यंत जातो, पण स्नायू टिकतात ते वजन उचलण्यानं. जिमची लाज वाटते तर घरी खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचला, भिंतीला टेकून जोर काढा. हाडांत गाठी असलेल्यांनी मात्र कुठली वजनं चालतील हे आधी विचारावं. जेवणात डाळ, उसळ, ताक, अंडं चालत असेल तर अंडं. वडापाव पूर्ण बंद नको, महिन्यात एखादा हवा, नाहीतर जगून करायचं काय.

अंगातून वाफा निघतात, विशेषतः रात्री. उशाशी सुती पंचा आणि पाणी ठेवा. मालिका बघतानाही डोळे भरून येतात, चिडचिड होते. त्यातला बराच भाग औषधाचा असतो. तो डॉक्टरांना सांगितला तर त्यावर गोळी मिळते, आणि ती घेण्यात काही वावगं नाही. शरीरसंबंधांची इच्छा जाते, आणि हे बहुतेक डॉक्टर स्वतःहून काढत नाहीत. ते बायकोशी बोला. आमच्या पिढीत या विषयावर नवरा-बायकोनंही बोलायची पद्धत नव्हती, पण न बोलता दोघं दोन खोल्यांत झोपायला लागतात, आणि प्रत्येकाला वाटतं चूक आपली.

झाडपाल्याचं औषध, काढा, कुणी दिलेली पुडी, जे काही घेत असाल ते डॉक्टरांच्या तक्त्यावर लिहा. ओरडतील म्हणून लपवू नका. त्यांना निदान लिव्हरचा आकडा कशानं बिघडला हे कळायला हवं.

पैसा, प्रवास

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा, बिल झाल्यावर नाही. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत आहे, दवाखान्याचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत राहायचं तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे चौकशी करा.

मुदतठेवी मात्र मोडत बसू नका. पोस्टातल्या बाईंनी मला काळजीनं विचारलं होतं, पाच वर्षांची ज्येष्ठ नागरिक योजना कशाला, वर्षाची ठेव घ्या. मी पाच वर्षांचीच घेतली. ती संपली, व्याज खाल्लं, पुन्हा घातली. दाखल्यांवर वारसाचं नाव आणि मृत्युपत्र करून टाका, एका दुपारचं काम आहे. ते झालं की त्या विषयावर परत बसायचं नाही.

पीएसएचा दिवस आणि चढलेला आकडा

तपासणी नेहमी एकाच लॅबमध्ये करा. लघवीला जंतुसंसर्ग असेल तर आकडा फुगतो, तो बरा होऊ द्या. शस्त्रक्रिया झालेल्यांचा पीएसए जवळपास शून्यावर यायला हवा आणि ०.२ पुन्हा पुन्हा दिसला तर पुढचं बोलणं सुरू होतं. शेक घेतलेल्यांचं गणित वेगळं: सगळ्यांत खालच्या आकड्याच्या २ वर गेला तर आजार परतला असं धरतात. हार्मोनचा कोर्स संपल्यावर टेस्टोस्टेरॉन जागं होतं तेव्हा पीएसएही थोडा वर येतो, म्हणून दोन्ही तपासण्या एकत्र करा. रिपोर्ट शुक्रवारी संध्याकाळी मागवू नका. शनिवार-रविवार डॉक्टर भेटत नाहीत आणि पुतण्याचं गूगल भेटतं.

माझा चढला तेव्हा पीएसएमए पेटमध्ये ओटीपोटात एकच गाठ दिसली. तिच्यावर नेमका शेक दिला आणि पुन्हा इंजेक्शनं सुरू झाली. परतलेल्या आजारात पायऱ्या असतात: गोळ्या बदलतात, डोसिटॅक्सेल ही केमोथेरपी आहे, पीएसएमएला चिकटून गाठीपर्यंत किरणोत्सर्ग नेणारं ल्युटेशियम आहे. हे ल्युटेशियम ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही तयार होतं. बीआरसीएसारख्या जनुकांची तपासणी करायची का, ते विचारा. दोष सापडला तर ओलापॅरिबसारख्या गोळ्या उपयोगी पडू शकतात. ही तपासणी मुलांसाठीही आहे, आणि मुलींसाठी विशेष, कारण तोच दोष स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कॅन्सरचाही असतो. मुलीला सांगायला जड जातं. सांगा.

ज्याच्या मणक्यात गाठी आहेत त्याच्या घरात फ्रिजवर एक चिठ्ठी असावी: पाठीत नवी, वाढत जाणारी कळ, पाय जड होणं किंवा बधिर होणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. मज्जारज्जूवर दाब आला असेल तर तासांचा फरक पडतो. रात्री दोन वाजता रिक्षा, शेजारच्याची गाडी, १०८ ची अँब्युलन्स, जे मिळेल त्यानं एमआरआयची सोय असलेल्या दवाखान्यात जायचं, फाइल बरोबर घ्यायची आणि दारातच सांगायचं की पेशंट प्रोस्टेट कॅन्सरचा आहे.