कुत्र्याच्या औषधपाण्यात काय हवंच, काय टाळता येईल

डॉक्टरकडे जाण्याआधी घरीच एक काम करा. लसीकरणाचं कार्ड काढा आणि त्याच्या मागे कुत्र्याचा दिनक्रम लिहा: वय, वजन, फिरायला कुठे जातो, इतर कुत्र्यांशी किती संबंध येतो, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालावं लागतं का, सुट्टीत बोर्डिंगला ठेवता का. कुठल्याही तयार 'वार्षिक पॅकेज'पेक्षा हा कागद डॉक्टरांच्या जास्त कामाचा आहे.

रेबीजच्या लसीवर चर्चाच नको. लक्षणं दिसू लागली की हा रोग बरा होत नाही, आणि महापालिकेच्या श्वान परवान्यालाही या लसीचं प्रमाणपत्र लागतं. पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूरोगांच्या लसीही टाळू नका. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस सुरू होतात, आणि शेवटचा सोळा आठवड्यांचं झाल्यावर पडला पाहिजे. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती आधीचे डोस निकामी करू शकते, म्हणून हा शेवटचा चुकवू नका. वर्षाच्या आतबाहेर बूस्टर झाला, की पार्व्हो-डिस्टेंपरचं संरक्षण तीन वर्षं किंवा त्याहून जास्त टिकतं. तरी दरवर्षी टोचायची पद्धत आपल्याकडे आहे. कारण विचारा, त्यात गैर काही नाही.

लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूंच्या रोगाचं, गणित मात्र वेगळं. उंदरांच्या लघवीतून हा जंतू साचलेल्या पाण्यात येतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईकरांना हे नाव पाठ झालं. कुत्र्याला होतो, कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. ही लस वर्षभरच पुरते, म्हणून ती दरवर्षी, आणि पावसाच्या तोंडावर. पहिल्यांदाच देत असाल तर दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, तेव्हा एप्रिलमध्येच सुरुवात करा. लस लेप्टोच्या सगळ्या प्रकारांवर चालत नाही; पाण्यातून आल्यावर पाय धुऊन पुसणं सुटत नाही.

आता गोचीड. माझ्या मते मुंबईत पैसे खर्च करायची खरी जागा हीच. इथल्या दमट हवेत गोचिडीला बाराही महिने सुगी असते, आणि ती अंगावरून पडली की भिंतीच्या भेगांत, पलंगाच्या फटीत अंडी घालते. तिच्या चाव्यातून एर्लिकिया किंवा बबेसिया हे रक्तातले संसर्ग होतात: ताप, खाणं बंद, प्लेटलेट्स खाली, कधी नाकातून रक्त. महिनाभर किंवा बारा आठवडे चालणाऱ्या गोळ्या मिळतात, मानेवर सोडायचे थेंबही मिळतात. कुत्र्याला फिट येत असतील तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगा. थेंब सोडायच्या आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं औषध आणूच नका, मांजराला ते जिवावर बेततं.

जंताचं औषध मोठ्या कुत्र्याला साधारण तीन महिन्यांनी, वजनानुसार. पिल्लांना याहून बरंच लवकर लवकर.

बाकीचं दिनक्रमाच्या कागदावरून ठरवा. केनेल कफची (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) लस बोर्डिंगला किंवा डॉग पार्कला जाणाऱ्याला. घरातच लोळणाऱ्या म्हाताऱ्याला कशाला? कोरोनाव्हायरसची कुत्र्यांची लस (कोविडचा हिच्याशी संबंध नाही) जागतिक मार्गदर्शक तत्त्वांतही शिफारशीत नाही. मादीची नसबंदी गांभीर्याने घ्या, कारण न केलेल्या माद्यांच्या गर्भाशयात पुढे पू होऊ शकतो आणि मध्यरात्रीचं ऑपरेशन गळ्यात पडतं. मोठ्या जातींत वय कधी योग्य, ते मात्र डॉक्टरांशी बोलून ठरवा. पॉमेरेनियन, शिह त्झू यांचे दात लवकर किटतात, तेव्हा दाताचा ब्रश आधी आणा. भूल न देता केलेली सफाई वरवरची, हिरडीखालचा मळ तसाच राहतो. सात वर्षांपुढे वर्षातून एकदा किडनी-लिव्हरची रक्ततपासणी पैसे वसूल करते.

मग उरतात बाटल्या. लिव्हर टॉनिक, मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियमचं सिरप. पिल्लांचं तयार संतुलित खाणं खाणाऱ्या लॅब्राडॉर किंवा ग्रेट डेनच्या पिल्लाला वरून कॅल्शियम दिलं तर हाडांची वाढच बिघडू शकते. चिठ्ठीत असं काही दिसलं की सरळ विचारा, "डॉक्टर, हे नाही दिलं तर काय होईल?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही.