ऑक्टोबरचं ऊन वाया घालवू नका, परसातला माल असा टिकवा

पाऊस उघडला की आपल्याकडे खान्देशात दसऱ्याच्या आगेमागे पंधरा-वीस दिवस कडक ऊन पडतं, पारा ३५ च्या आसपास जातो, सगळे वैतागतात. पण परसातली मिरची, गवार, मूग वाळवायला ह्याच्यासारखं ऊन नाही, कारण दिवाळीनंतर दव पडायला लागतं आणि दिवसही लहान होतो. वाळवण म्हटलं की आपण बिबडे-पापडाचा उन्हाळाच धरतो आणि ही संधी दरवर्षी हातची जाते.

सुरुवात डब्या-बरण्यांपासून करा. नवरात्राआधी घर निघतंच, गोधड्या धुवून होतात, त्याच वेळी सगळ्या बरण्या गरम पाण्याने घासून एक अख्खा दिवस उन्हात उपड्या ठेवा, झाकणं वेगळी, झाकणातली रबराची रिंग काढून तीही वेगळी वाळवा, कारण पाणी त्या रिंगेखालीच लपून बसतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

आता मिरची. नंदुरबारला ह्या दिवसांपासून लाल मिरचीच्या पथाऱ्या लागायला लागतात, मैलभर आधीच नाकाला कळतं. घरी आपल्याला दोन-चार किलोचंच करायचं असतं पण रीत तीच. झाडावर पूर्ण लाल झालेलीच तोडायची, अर्धी हिरवी तोडली तर वाळल्यावर पांढरट पडते. देठ काढायचा नाही, देठ काढला की तोंड उघडं पडतं आणि बी सांडतं. धुतली असेल तर फडक्याने एकेक पुसा, मग एक दिवस सावलीत पसरा आणि दुसऱ्या दिवसापासून उन्हात, घराच्या मातीच्या धाब्यावर नाहीतर गच्चीवर, खाली स्वच्छ चादर, एकाच थरात. दिवसातून दोनदा हलवायची आणि संध्याकाळी पाच वाजता आत म्हणजे आत, रात्रीचा ओलावा मिरची परत ओढून घेते.

किती दिवस लागतील ते ऊन ठरवतं, साधारण आठ ते बारा. झाली का हे कसं ओळखायचं? मूठभर घेऊन कानाजवळ हलवा, आत बी खुळखुळलं पाहिजे. मग एक मिरची देठाजवळ मोडून बघा, तिथेही आतून कोरडी असली पाहिजे. ही देठाजवळची जागा महत्त्वाची. मी एका वर्षी सहाव्याच दिवशी बरणी भरली, वरून मिरची एकदम कडक लागत होती, महिन्याभराने एक मिरची फोडली तर आत राखाडी कापूस. दोन किलो ओल्या मिरचीचा माल उकिरड्यावर गेला आणि आजी एवढंच म्हणाली, "वल्लं ऱ्हायनं ते सडी जाई." अशी बुरशी लागलेली मिरची झटकून, परत ऊन दाखवून वापरू नका, बुरशीचं विष मिरचीत राहतं आणि भाजल्याने, दळल्याने जात नाही. किलो ओली मिरची वाळून पाव किलोच्या थोडी वर भरते, त्यापेक्षा खूप जास्त भरली तर समजा पाणी राहिलंय. काळा मसाला करणार असाल तर सगळी एकदम दळू नका, अख्खी मिरची पुडीपेक्षा रंग-वास जास्त दिवस धरते.

गवार, भेंडी, कारलं ह्यांच्या वाळवलेल्या काचऱ्यांमध्ये गवारीला एक पायरी जास्त आहे. गवारीच्या शिरा काढून पाण्यात मीठ घालून उकळी आणा, गवार टाका, दोन-तीन मिनिटं, रंग गडद हिरवा झाला की लगेच गार पाण्यात आणि मग निथळून पसरा. हे न करता कच्चीच वाळवली तर दोन महिन्यांत गवताच्या रंगाची होते आणि चवही तशीच लागते. पहिला दिवस पातळ सुती फडकं वरून घाला, माश्या बसत नाहीत. तीन-चार उन्हांत कडकडीत होते, किलोची दोनशे ग्रॅमच्या आसपास राहते. कारलं आणि भेंडी उकळू नका, चकत्या करून मीठ चोळून सरळ उन्हात टाका. जानेवारीत ही गवार अर्धा तास गरम पाण्यात भिजवून दाण्याच्या कुटात केली की भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.

मूग-उडीद घरात आले असतील तर त्यांच्याकडे लक्ष द्या, कारण भुंगेरा बहुतेक वेळा शेतातूनच येतो, शेंगेवर अंडी घातलेली असतात आणि आपण म्हणतो डब्यात किडे पडले. दोन-तीन कडक उन्हं द्या, पातळ थर करून. मग एक दाणा दाताखाली धरा, कट्ट करून फुटला पाहिजे, चेपला तर अजून एक ऊन. आणि गरम गरम भरू नका! संध्याकाळी सावलीत पूर्ण गार होऊ द्या, गरम दाणा बंद डब्यात गेला की झाकणाला आतून पाणी सुटतं आणि तीन दिवसांची मेहनत गेली. वर्षभरासाठी ठेवायचे असतील तर किलोला एक छोटा चमचा खायचं तेल हाताने चोळा, किंवा डाळच करून ठेवा, डाळीला भुंगेरा फार कमी लागतो. कडुलिंबाचा पाला घालायचा तर आधी सावलीत वाळवलेला घाला, हिरवा पाला म्हणजे डब्यात आपणच पाणी ओतल्यासारखं.

लिंबाचं लोणचं सोपं आहे, किलोला २०० ग्रॅम मीठ, कोरडी सुरी, कोरडी बरणी, रोज एकदा हलवायचं. मीठ कमी करायला जाऊ नका, लोणचं तेच टिकवतं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. हल्ली व्हिडिओ बघून भाज्या, सोललेला लसूण, हिरवा ठेचा तेलात बुडवून किंवा बाटलीत उकळून हवाबंद करतात आणि बाहेर ओट्यावर ठेवतात. असं करू नका. आंबटपणा नसलेल्या पदार्थात हवा नसताना बोट्युलिझम नावाच्या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढतात, वासही येत नाही चवही बदलत नाही, आणि साध्या उकळण्याने त्यांची बीजं मरत नाहीत. ठेचा फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा. टमाटे जास्त झाले तर रस आटवून फ्रिजरला टाका.

डांगराला, म्हणजे लाल भोपळ्याला, तर फक्त जागा लागते. नख रुतत नाही इतकी साल झाली की तीन-चार बोटं देठ ठेवून कापा, आठ-दहा दिवस वाऱ्याशीर ठिकाणी राहू द्या, मग कडब्यावर एकमेकांना न टेकता मांडा. देठाला धरून उचलू नका, देठ तुटला की तिथून सडतं. नीट ठेवलं तर संक्रांतीपर्यंत जातं.

आणि वेलावरची सगळी गिलकी (घोसाळी) खाऊन टाकू नका. सगळ्यात सरळ, लांब असं एक वेलावरच सोडा, पिवळं होईल, मग तपकिरी, मग हातात घेतलं तर कागदासारखं हलकं लागेल. साल सोलली की आत जाळी निघते, ती भांडी घासायला, अंग चोळायला कामी येते, आणि टोक कापून झटकलं की काळं बी ताटात टपटप पडतं. ते सुती फडक्यात राखेबरोबर बांधून ठेवा, जूनमध्ये लागेल.