एंडोमेट्रिओसिस आहे आणि बाळासाठी चान्स घेताय? मग आधी काय करायचं ते वाचा

एंडोमेट्रिओसिस (एंडो) म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं. पहिल्याच व्हिजिटला डॉक्टरांना स्पष्ट सांगा, आम्हाला आत्ता मूल हवंय. कारण दुखणं कमी करायची ट्रीटमेंट आणि दिवस राहण्याची ट्रीटमेंट हे दोन वेगळे रस्ते आहेत. डायनोजेस्ट (एंडोसाठी देतात ती हार्मोनची गोळी) किंवा गर्भनिरोधक गोळ्यांनी दुखणं खरंच कमी होतं, पण त्या चालू असताना बहुतेक वेळा बीजच तयार होत नाही, मग दिवस राहणार कसे? "आधी सहा महिने गोळ्या घ्या म्हणजे चान्स वाढेल" असं कोणी म्हणालं तर नीट विचारा, कारण या गोळ्यांनी पुढे दिवस राहायची शक्यता वाढत नाही, हातातला वेळ मात्र जातो.

दुसरं, चॉकलेट सिस्ट, म्हणजे एंडोमुळे ओव्हरीत होणारी जुन्या रक्ताची गाठ. सोनोग्राफीत ती दिसली की घरचे घाबरतात आणि लगेच ऑपरेशनची तारीख ठरते. प्लीज थोडं थांबा. गाठ सोलून काढताना ओव्हरीचा चांगला भागही थोडा जातो आणि बीजांचा साठा कमी होऊ शकतो, दोन्ही बाजूंना गाठी असतील किंवा आधी एकदा ऑपरेशन झालं असेल तर धोका जास्त. म्हणून दुर्बिणीच्या ऑपरेशनला हो म्हणायच्या आधी एएमएचची (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी) रक्ताची टेस्ट करून घ्या आणि डॉक्टरांना विचारा, हे ऑपरेशन दुखण्यासाठी आहे की प्रेग्नन्सीसाठी, नाही केलं तर काय होईल, आणि आयव्हीएफच (टेस्ट ट्यूब बेबी) करायचं असेल तर गाठ काढायलाच हवी का? (बऱ्याचदा नाही लागत. दुखणं असह्य असेल, गाठ संशयास्पद वाटत असेल किंवा बीज काढायची सुई पोचत नसेल तर गोष्ट वेगळी.) ऑपरेशन अटळ असेल तर आधी बीज किंवा भ्रूण फ्रीज करता येईल का हेही विचारून ठेवा.

एएमएच कमी आला म्हणून रडत बसू नका, त्यावरून आयव्हीएफमध्ये साधारण किती बीजं मिळतील याचा अंदाज येतो, नैसर्गिकरीत्या दिवस राहणारच नाहीत असा त्याचा अर्थ नाही. आजाराच्या स्टेजचंही (१ सगळ्यात कमी, ४ सगळ्यात जास्त) तसंच, स्टेज १ वाली पाळीत गडाबडा लोळते आणि स्टेज ४ वालीला काहीच जाणवत नाही असंही होतं. ऑपरेशन झालं असेल तर ईएफआय स्कोअर विचारा, ० ते १० मध्ये असतो, तुमचं वय, किती वर्षं प्रयत्न चाललेत, ट्यूब आणि ओव्हरी कशा आहेत हे सगळं धरून पुढे नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता किती ते सांगतो.

आणि नवऱ्याची सिमेन टेस्ट!! ही सुरुवातीलाच करायची. आपल्याकडे बाईच्या सगळ्या तपासण्या, ट्यूबची टेस्ट, अगदी ऑपरेशनसुद्धा होऊन जातं आणि मग कोणालातरी आठवतं की अहोंचा रिपोर्ट राहिलाच. २ ते ७ दिवस संबंध न ठेवता सँपल द्यायचं, एवढंच तर आहे.

घरी प्रयत्न करताना बीज फुटायच्या आधीचे ५ दिवस आणि तो दिवस महत्त्वाचा. पाळी अनियमित असेल तर मेडिकलमधून एलएच स्ट्रिप (बीज फुटायची वेळ जवळ आली का ते सांगणारी लघवीची टेस्ट) आणा. त्या दिवसांत एक दिवसाआड संबंध पुरतात, रोजचा ताण नको, कारण या आजारात संबंधांच्या वेळी खोलवर दुखू शकतं आणि कॅलेंडर बघून ते सहन करत राहिलं की नवरा-बायकोत कडवटपणा येतो. किती आत, किती वेळ हे तुमच्या हातात राहील अशी पोझिशन घ्या, जास्त दुखलं तर थांबा, आणि डॉक्टरांपासून लपवू नका.

पाळीत मेफेनॅमिक अ‍ॅसिडची गोळी घेत असाल तर बीज फुटायच्या दिवसांत ती विचारल्याशिवाय घेऊ नका, अशा गोळ्यांनी बीज बाहेर पडायला अडथळा येऊ शकतो. तेव्हा पॅरासिटामॉल आणि गरम पाण्याची पिशवी बरी. फोलिक अ‍ॅसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज, आत्तापासूनच.

किती थांबायचं? एरवी ३५ च्या आत असाल तर वर्षभर आणि पुढे असाल तर ६ महिने म्हणतात, पण एंडो माहीत असताना एवढं थांबू नका, सुरुवातीलाच फर्टिलिटीवाल्या डॉक्टरांना भेटा. आजार सौम्य, ट्यूब मोकळ्या, रिपोर्ट चांगले तर औषधं देऊन आययूआय (शुक्राणू थेट गर्भपिशवीत सोडणं) करून बघतात, ट्यूब बंद असतील, आजार जास्त असेल किंवा वय पुढे गेलं असेल तर सरळ आयव्हीएफ. पैसे भरायच्या आधी सेंटर २०२१ च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्याखाली रजिस्टर्ड आहे ना ते बघा.

"एक मूल झालं की आपोआप बरं होतं" हे सासूबाई, मावशी, शेजारच्या काकू सगळ्या सांगतील. नाही होत. गरोदरपणात पाळी थांबते म्हणून बऱ्याच जणींना आराम पडतो, नंतर त्रास परत येऊ शकतो. आणि कोणाच्या डोहाळजेवणाला जायची ताकद नसेल तर नका जाऊ, नंतर कधीतरी निवांत भेटून या.

टेस्ट पॉझिटिव्ह आली की डॉक्टरांना लगेच कळवा आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करून गर्भ पिशवीतच आहे ना ते बघा, कारण एंडोमध्ये गर्भ ट्यूबमध्ये राहायचा धोका थोडा जास्त असतो. एका बाजूला जोरात दुखलं, खांदा दुखला, चक्कर आली किंवा रक्त गेलं तर सकाळची वाट बघू नका, रात्री असाल तर रात्रीच हॉस्पिटलला जा.