बॉम्बे रक्तगट ‘ओ’ म्हणून नोंदवला जातो तेव्हा : रक्तपेढीत आणि वॉर्डात या चुका टाळा

रक्ताच्या नमुन्यात अँटी-ए (ए गट ओळखणारं द्रव) टाकलं, गुठळ्या नाहीत. अँटी-बी टाकलं, तरीही नाहीत. गट ‘ओ’ लिहिला आणि नळी बाजूला ठेवली. बहुतेक नमुन्यांसाठी हा निष्कर्ष बरोबरच असतो. पण नमुना बॉम्बे गटाच्या माणसाचा असेल, तर त्याच्या प्लाझ्मात जोरकस अँटी-एच (लाल पेशीवरच्या एच या खुणेविरुद्धची अँटिबॉडी) असते. ही अँटिबॉडी थंड तापमानाला काम करते, तशीच ३७ अंशांनाही करते, आणि सोबत कॉम्प्लिमेंट (पेशी फोडणारी रक्तातली प्रथिनं) जागं करते. अशा रुग्णाला ओ गटाची पिशवी लावली की चढवलेल्या पेशी रक्तवाहिनीतच फुटू लागतात.

हा गट १९५२ साली मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम ओळखला, म्हणून नाव बॉम्बे. भारतात तो साधारण दहा हजारांत एकाचा असतो असं मानतात आणि पश्चिम व दक्षिण भारतात तुलनेने जास्त आढळतो. युरोपात मात्र दहा लाखांत एखादा. म्हणजे इतर देशांत तंत्रज्ञाला आयुष्यभर न भेटणारा नमुना महाराष्ट्रातल्या मध्यम आकाराच्या रक्तपेढीतही कधी ना कधी येणारच, हे धरूनच इथली कामाची पद्धत बसवायला हवी.

मुळात घडतं काय

ए आणि बी हे प्रतिजन (पेशीवरच्या खुणा) एच या प्रतिजनावरच उभे राहतात. एच तयार करण्याचं काम एफयूटी१ या जनुकाचं. आई आणि वडील दोघांकडूनही या जनुकाची निकामी प्रत आली, तर पेशीवर एच नाही, आणि म्हणून ए किंवा बीचं जनुक शाबूत असूनही पेशीवर ए-बी काहीच दिसत नाही. सरळ तपासणीत, म्हणजे पेशींवरचे प्रतिजन बघताना, असा माणूस हुबेहूब ओ वाटतो. प्लाझ्मात मात्र अँटी-ए, अँटी-बी आणि अँटी-एच अशा तिन्ही अँटिबॉडी असतात.

उलट तपासणीत ओ पेशी न वापरणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच, आणि तिच्यावरचा उपाय सगळ्यांत स्वस्त आहे.

उलट तपासणीत, म्हणजे माहीत असलेल्या पेशींशी प्लाझ्मा तपासताना, ओ गटाच्या माणसाचा प्लाझ्मा ए पेशींशी ४+ (सर्वांत जोरदार गुठळी), बी पेशींशी ४+ आणि ओ पेशींशी शून्य दाखवतो. बॉम्बे गटाचा प्लाझ्मा तिन्ही नळ्यांत जोरदार गुठळ्या देतो. फरक फक्त तिसऱ्या नळीत आहे. ती नळीच लावली नाही, तर गटाच्या उरलेल्या तपासणीत पकडण्यासारखं काही राहत नाही. जेल कार्डवर (नळीऐवजी जेल भरलेल्या छोट्या विहिरींच्या कार्डवर) काम करणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. अनेक कार्डांत उलट तपासणीसाठी ए१ आणि बी अशा दोनच विहिरी असतात. अशा ठिकाणी ओ पेशींची एक वेगळी नळी रोज लावण्याचा नियम लेखी कार्यपद्धतीतच घालावा, तंत्रज्ञाच्या आठवणीवर सोडू नये.

नळीत २ थेंब प्लाझ्मा, त्यावर २ ते ५ टक्के पेशी-निलंबनाचा (सलाईनमध्ये मिसळलेल्या पेशींचा) १ थेंब, मग १००० आरपीएमला १ मिनिट (किंवा तुमच्या सेंट्रिफ्यूजच्या कॅलिब्रेशनप्रमाणे), आणि पेशींचं बटण हलक्या हाताने उठवून वाचन. ओ पेशींचा पूल (एकत्र केलेलं मिश्रण) किमान तीन दात्यांच्या पेशींचा असावा, सलाईनने तीनदा धुतलेला आणि त्याच दिवशी केलेला. नीट न धुतलेल्या पेशींबरोबर थोडा प्लाझ्मा राहतो आणि प्रतिक्रिया कमजोर करतो.

टाइलवर किंवा स्लाइडवर केलेली तपासणी ही फक्त सरळ तपासणी असते. शिबिरात मिळालेलं कार्ड, महाविद्यालयाच्या ओळखपत्रावरचा गट, वाहन परवान्यावरचा गट या सगळ्यांची किंमत तेवढीच. त्यावरून रक्त देऊ नये.

फुटलेल्या पेशींना ‘निगेटिव्ह’ समजणं

ताज्या सीरममध्ये कॉम्प्लिमेंट शाबूत असतं. त्यामुळे बॉम्बे रुग्णाच्या सीरमने ओ पेशींच्या गुठळ्या होण्याऐवजी पेशी फुटूनच जातात. नळी हलवली की गुठळी दिसत नाही, घाईत ‘शून्य’ लिहिलं जातं. बटण उठवण्याआधी वरचं द्रव बघा. ते गुलाबी किंवा लाल झालं असेल आणि बटण लहान असेल, तर ती पॉझिटिव्ह प्रतिक्रिया आहे. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं रसायन असलेल्या नळीतल्या) नमुन्यात कॅल्शियम बांधलं गेल्याने कॉम्प्लिमेंट चालत नाही आणि तिथे गुठळ्या स्पष्ट दिसतात. दोन नमुन्यांचे निकाल वेगळे येत असतील, तर हे कारण आधी तपासावं.

‘सगळ्यांशीच लागतंय’ म्हणून भलतीकडे शोध घेणं

स्क्रीनिंगच्या (अनपेक्षित अँटिबॉडी शोधण्याच्या) तिन्ही पेशी पॉझिटिव्ह, ओ गटाची प्रत्येक पिशवी क्रॉसमॅचला (रुग्णाच्या प्लाझ्माशी जुळवणीला) विसंगत. असं झालं की बरेच जण अनेक अँटिबॉडी एकत्र आहेत असं समजून पॅनेलमागून पॅनेल (अँटिबॉडी ओळखण्याचे पेशीसंच) लावतात आणि रात्र निघून जाते. स्क्रीनिंगच्या पेशी ओ गटाच्याच असतात हे इथे आठवायला हवं. पहिला प्रश्न ऑटोकंट्रोलचा, म्हणजे रुग्णाचा प्लाझ्मा त्याच्याच पेशींशी लावून बघण्याचा. रुग्णाचा प्लाझ्मा त्याच्याच पेशींशी लागत नसेल, तर बॉम्बेचा संशय पक्का होतो. ऑटोकंट्रोलही पॉझिटिव्ह असेल तर थंड ऑटोअँटिबॉडी (थंडीत स्वतःच्याच पेशींना लागणारी) किंवा रूलो (नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटलेल्या पेशी) असण्याची शक्यता जास्त: पहिल्यासाठी पेशी कोमट सलाईनने धुऊन पुन्हा तपासा, दुसऱ्यासाठी सलाईन रिप्लेसमेंट करा.

आणखी एक फसवी जागा आहे. ए१ आणि ए१बी गटाच्या पेशींवर एच सगळ्यांत कमी असतं. त्यामुळे या गटांच्या काही लोकांतही अँटी-एच सापडते. ती सहसा दुबळी आणि थंडीतच चालणारी असते. त्यांच्या पेशी ए किंवा एबी म्हणून नीट दिसतात, म्हणून त्यांना बॉम्बे म्हणण्याची घाई नको.

लेक्टिन लावलं, पण कंट्रोल लावला नाही

खात्री अँटी-एच लेक्टिनने (एचला चिकटणाऱ्या वनस्पतीतल्या प्रथिनाने) होते. युलेक्स युरोपियस या झुडपाच्या बियांपासून ते मिळतं. ओ पेशींशी ते जोरदार लागतं, बॉम्बे पेशींशी अजिबात नाही. पण ‘अजिबात नाही’ हाच निकाल मुदत संपलेलं किंवा फ्रिजबाहेर राहिलेलं लेक्टिनही देतं. म्हणून प्रत्येक वेळी ओ पेशींचा पॉझिटिव्ह कंट्रोल (निकाल आधीच माहीत असलेला नमुना) सोबत हवाच. ओ जोरदार आणि ए१ कमजोर दिसलं की लेक्टिन नीट चाललंय.

रुग्णाला आधीच ओ गटाच्या पिशव्या दिल्या असतील, तर लेक्टिनशी मिश्र प्रतिक्रिया (काही पेशी लागलेल्या, काही नाही) येईल आणि निकाल गोंधळात टाकेल. पहिल्या पिशवीपूर्वीचा नमुना फ्रिजमध्ये सापडतो का ते बघा.

नवजात बाळाच्या बाबतीत उलट तपासणी उपयोगाची नाही. त्याच्या स्वतःच्या अँटिबॉडी पहिले काही महिने तयार झालेल्या नसतात. लेक्टिन हाच आधार. बाळाच्या पेशींवर एच मुळातच थोडं कमी असतं, त्यामुळे कमजोर प्रतिक्रिया म्हणजे बॉम्बे नव्हे.

पॅरा-बॉम्बे वेगळा न काढणं

पॅरा-बॉम्बे गटातल्या काही जणांच्या पेशींवर एच नसतं, पण एफयूटी२ हे दुसरं जनुक चालू असल्याने लाळेत असतं. काहींच्या पेशींवर ए किंवा बीचा अगदी पुसटसा अंश सापडतो, तोही अ‍ॅडसॉर्प्शन-इल्यूशन (पेशींना अँटिबॉडी चिकटवून ती पुन्हा सोडवून बघणं) केल्यावर. लाळेची चाचणी करताना दोन चुका ठरलेल्या. लाळ १० मिनिटं उकळून घेतली नाही तर तिच्यातली एन्झाइम एचचा पदार्थ नष्ट करू शकतात. आणि लेक्टिन पातळ न करता वापरलं तर लाळेतलं एच त्याला पुरं पडत नाही, मग लाळेत एच सोडणारा माणूसही (सेक्रेटर) ‘नॉन-सेक्रेटर’ ठरतो. ओ पेशींशी २+ देईल इतकंच पातळ लेक्टिन घ्या, सोबत माहीत असलेला सेक्रेटर आणि नॉन-सेक्रेटर ठेवा.

शंका राहिली तर नमुना संदर्भ प्रयोगशाळेत पाठवावा. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्था आहे. ईडीटीएची आणि साधी अशा दोन्ही नळ्या पाठवा. बर्फ नळीला थेट लागू देऊ नका, गोठलेल्या पेशी फुटतात.

वॉर्डात : ‘ओ निगेटिव्ह सगळ्यांना चालतं’

बॉम्बे रुग्णाला ओ निगेटिव्ह हे ओ पॉझिटिव्हइतकंच घातक आहे. ओ पेशींवर एच सगळ्यांत जास्त असतं, म्हणून हीच पिशवी त्याला सर्वांत वाईट. गट एकदा कळला की केस पेपरवर, फाइलच्या दर्शनी भागावर आणि डिस्चार्ज कार्डावर ‘बॉम्बे’ हा पूर्ण शब्द आणि आरएच असं लिहा. ‘ओ-एच’ असं संक्षिप्त लिहिलं की पुढचा माणूस ते ‘ओ’ म्हणून उतरवून घेतो. बॉम्बे गटातही आरएच पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही असतात.

पिशवी लावल्यावर पहिली १५ मिनिटं नर्सने रुग्णाजवळ थांबावं. कंबर दुखणं, थंडी, छातीत दडपण, लालसर लघवी यांपैकी काहीही दिसलं की आधी पिशवी थांबवा. शीर सुरू ठेवायला नवा सेट लावून नॉर्मल सलाईन द्या. पिशवी, सेट, नवा रक्तनमुना आणि लघवी रक्तपेढीला पाठवा. भूल दिलेल्या रुग्णाला दुखणं सांगता येत नाही. तिथे अचानक घसरलेला रक्तदाब, लाल लघवी आणि थांबत नसलेला रक्तस्राव एवढ्याच खुणा मिळतात.

प्लाझ्माच्या बाबतीत उलटा विचार

बॉम्बे रुग्णाच्या पेशींवर ए, बी, एच काहीच नाही. त्यामुळे त्याला लाल पेशी फक्त बॉम्बे गटाच्या लागत असल्या, तरी प्लाझ्मा नेहमीच्या गटांचा देता येतो. तो अडवून धरू नये. बॉम्बे दात्याचा प्लाझ्मा मात्र बॉम्बेखेरीज कोणालाच द्यायचा नाही. चुकून ओ म्हणून साठवलेली अशी पिशवी वेळेत सापडली पाहिजे.

रक्त शोधताना

दात्यांसाठी निरोप फिरवण्याआधी घरच्यांची तपासणी करा. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक सख्ख्या भावंडाचा गट बॉम्बे असण्याची शक्यता चारात एक असते. नात्यातल्या लग्नांच्या घरात चुलत-मामे भावंडंही तपासावीत. पुरुष दात्याला दर ९० दिवसांनी आणि स्त्री दात्याला दर १२० दिवसांनी रक्त देता येतं, म्हणून एकाच दात्यावर विसंबू नका. शस्त्रक्रिया ठरवून करायची असेल आणि हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या वर असेल, तर रुग्णाचं स्वतःचं रक्त आधी साठवणं हा चांगला मार्ग आहे. शेवटची पिशवी शस्त्रक्रियेच्या किमान ७२ तास आधी घ्यावी आणि लोहाच्या गोळ्या आधीपासून सुरू कराव्यात. गरोदर बाईचा गट बॉम्बे निघाला तर दाते शोधायला सातव्या महिन्यापर्यंत थांबू नये.

या गटामुळे घराघरांत एक विनाकारण दुःखही होतं. ‘ओ’ नोंदलेल्या आई किंवा वडिलांचं मूल एबी निघतं आणि नात्यावर शंका घेतली जाते. बॉम्बे गटाच्या माणसाकडे ए किंवा बीचं जनुक दडलेलं असू शकतं आणि ते मुलाकडे जाऊ शकतं. अशा वेळी कुणाशी काहीही बोलण्यापूर्वी त्या पालकाची ओ पेशींसह उलट तपासणी आणि लेक्टिन चाचणी करून घ्यावी. ती तासाभरात होते.