वायरलेस स्पीकर: जोडणी, जागा आणि आवाज तुटण्यामागची कारणं

स्पीकर नीट वाजत नसला की पहिला संशय स्पीकरवरच जातो आणि हात थेट रिसेटच्या बटणाकडे. त्याआधी आवाज स्पीकरपर्यंत कोणत्या वाटेने येतोय ते ओळखा: ब्लूटूथने की वाय-फायने? हल्ली बऱ्याच स्पीकरमध्ये दोन्ही असतात आणि आपण कुठलं वापरतोय हेच लक्षात राहत नाही. गाणं चालू असताना फोनचं ब्लूटूथ बंद करा. गाणं थांबलं तर ब्लूटूथ, चालूच राहिलं तर वाय-फाय. पुढचे सगळे उपाय यावर ठरतात.

ब्लूटूथमध्ये गाणं फोनमधून निघून थेट स्पीकरकडे जातं, राऊटरचा संबंध नसतो. वाय-फायवर कास्ट केलेलं, म्हणजे ॲपमधल्या कास्टच्या बटणाने स्पीकरकडे सोपवलेलं गाणं बहुतेक वेळा स्पीकर स्वतःच इंटरनेटवरून ओढतो, फोन फक्त रिमोटचं काम करतो. म्हणून कास्ट करून फोन बंद केला तरी गाणं चालू राहतं. एअरप्ले या ॲपलच्या पद्धतीत मात्र फोनमधल्या ॲपचं गाणं फोनमधूनच जातं, त्यामुळे फोन घराबाहेर गेला की तेही थांबतं.

ब्लूटूथची पहिली जोडणी

नवा स्पीकर आधी पूर्ण चार्ज करा. मग ब्लूटूथचं बटण तीन ते पाच सेकंद दाबून धरा. लाइट भराभर लुकलुकायला लागला म्हणजे स्पीकर पेअरिंगला, नव्या फोनशी ओळख करून घ्यायला, तयार आहे. लाइट संथ लुकलुकत असेल तर बहुतेक स्पीकरमध्ये त्याचा अर्थ तो जुन्या ओळखीचा फोन शोधतोय, नव्याला दाद देणार नाही. बटण पुन्हा, जरा जास्त वेळ धरा. आता फोनच्या ब्लूटूथ यादीत स्पीकरचं नाव दिसेल, त्यावर टॅप करा. पहिल्या वेळी दोघांना एक मीटरच्या आत ठेवलेलं बरं.

स्पीकर यादीत दिसतच नसेल तर तो घरातल्या दुसऱ्याच कुठल्या तरी उपकरणाला जाऊन चिकटलाय का पाहा. चालू होताच शेवटच्या ओळखीच्या फोनला किंवा लॅपटॉपला स्वतःहून जोडून घ्यायची सवय जवळजवळ सगळ्याच स्पीकरना असते. त्या उपकरणाचं ब्लूटूथ दोन मिनिटं बंद करा आणि मग प्रयत्न करा.

नाव दिसतंय, पण टॅप केल्यावर ‘कनेक्ट होऊ शकलं नाही’ असं येतंय, हा वेगळा दोष. पेअरिंग करताना फोन आणि स्पीकर मिळून एक किल्ली तयार करतात आणि दोघंही ती आपापल्याकडे ठेवतात. स्पीकर रिसेट केला की त्याच्याकडची किल्ली पुसली जाते, फोनकडची जुनी तशीच राहते आणि दोन्ही जुळत नाहीत. म्हणून फोनच्या यादीत स्पीकरच्या नावावर जाऊन ‘फर्गेट’ करा, स्पीकरची पेअरिंग यादीही पुसा आणि नव्याने जोडा. एकाच बाजूने पुसून भागत नाही. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

जोडलाय, पण आवाज नाही

अँड्रॉइडवर स्पीकरच्या नावाशेजारच्या गिअरमध्ये जा. तिथे ‘मीडिया ऑडिओ’ आणि ‘कॉल’ असे वेगळे खटके असतात, त्यातला मीडियाचा चालू हवा. आवाजाची पट्टीही दोन ठिकाणी असू शकते, एक फोनची आणि एक स्पीकरची, आणि दोन्ही एकमेकांना बांधलेल्या असतीलच असं नाही. फोनचा आवाज ८० टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि कमी-जास्त स्पीकरवर करा. उलट केलं, म्हणजे फोन अगदी हळू आणि स्पीकर पूर्ण मोठा, तर खरखर वाढते. शिवाय काही स्पीकर इतक्या क्षीण सिग्नलला शांतताच समजतात आणि काही मिनिटांनी आपोआप बंद होतात.

लॅपटॉपवर एक खास गोंधळ होतो. मीटिंग सुरू केली की गाण्याचा छान आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा चिरका होतो. स्पीकरचा माइक वापरात आला की क्लासिक ब्लूटूथ संगीताचा मार्ग सोडून हँड्स-फ्रीच्या, म्हणजे कॉलवर बोलण्यासाठीच्या मार्गाला लागतं. तिथे आवाज मोनो होतो आणि त्याचा सँपलिंग दर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतात तो) ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर येतो, संगीताला तो एरवी ४४.१ किलोहर्ट्झ असतो. उपाय सोपा आहे: मीटिंगच्या ॲपमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा, स्पीकर फक्त ऐकण्यासाठी ठेवा.

आवाज मध्येच तुटतो

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. वाय-फायचा जुना पट्टा तोच, मायक्रोवेव्ह ओव्हनमधून निसटणाऱ्या लहरीही तिथल्याच. या गर्दीतून वाट काढण्यासाठी संगीत वाहणारं क्लासिक ब्लूटूथ ७९ चॅनलवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारतं आणि जिथे गोंगाट आहे ते चॅनल टाळतं. गर्दी फारच वाढली की टाळायला जागाच उरत नाही, आणि गाणं अडखळतं.

सगळ्यात दुर्लक्षित अडथळा म्हणजे आपलं स्वतःचं शरीर. शरीरात पाणी भरपूर असतं आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं. फोन मागच्या खिशात ठेवून स्पीकरकडे तोंड करून उभे राहा, मग पाठ फिरवा. तोंड समोर असताना तुटणारं गाणं पाठ फिरवल्यावर सुरळीत झालं तर स्पीकर धडधाकट आहे, फोनची जागा बदला. माशांची मोठी टाकी, लोखंडी कपाट आणि मोठा आरसा हेही तितकेच वाईट. मोकळ्यात दहा मीटरपर्यंत चालणारा स्पीकर एक जाड भिंत मध्ये आली की चार-पाच मीटरवरच हात टेकू शकतो.

याशिवाय तीन गोष्टी तपासा. राऊटरला अगदी चिकटून ठेवलेला स्पीकर दीड-दोन मीटर लांब करा. फोन आणि लॅपटॉप वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर न्या, म्हणजे २.४ मोकळा होईल. आणि लॅपटॉपला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावली असेल तर ती काढून पाहा, कारण तिच्या केबलमधून आणि पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्झलाच गोंगाट बाहेर पडतो.

एवढ्यावरही तुटत असेल तर कोडेक, म्हणजे आवाज गुंडाळून पाठवायची पद्धत, बघा. एलडॅक हा उंची कोडेक सर्वोच्च दर्जावर सेकंदाला ९९० किलोबिट पाठवायला बघतो, साधा एसबीसी साधारण ३२८ वर भागवतो. सिग्नल कमजोर असेल तर जड कोडेकचा हट्ट नको. दर्जाच्या जागी ‘कनेक्शनला प्राधान्य’ निवडा. अखंड वाजणारं एसबीसी हे तुटणाऱ्या एलडॅकपेक्षा केव्हाही चांगलं. गाणं फक्त स्क्रीन बंद झाल्यावरच थांबत असेल तर मात्र रेडिओचा काही दोष नाही. फोनची बॅटरी-बचत त्या ॲपला झोपवतेय, त्या ॲपला सवलत द्या.

ओठ आधी, आवाज नंतर

ब्लूटूथमध्ये आवाज गुंडाळायचा, पाठवायचा आणि उलगडायचा, यात साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. व्हिडिओची अनेक ॲप हा उशीर मोजून चित्रही तितकंच मागे धरतात, म्हणून तो जाणवत नाही. गेममध्ये तसं करता येत नाही, तिथे वायर किंवा कमी उशिराचा कोडेकच हवा. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘ऑडिओ डिले’ किंवा ‘लिप सिंक’ असतं. बातम्या देणाऱ्याचा चेहरा जवळून दिसत असताना ते दहा-वीस मिलिसेकंदांनी सरकवा आणि ‘प’, ‘ब’, ‘म’ या अक्षरांना ओठ मिटताना बघा, जुळलं की नाही ते लगेच कळतं. ही पट्टी आवाज मागेच ढकलू शकत असेल, तर आधीच मागे पडलेल्या ब्लूटूथवर तिचा उपयोग नाही. मग साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर) एचडीएमआय एआरसी किंवा ऑप्टिकल केबलने जोडा. ऑप्टिकलवर आवाजच आला नाही तर टीव्हीचं डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर, म्हणजे न गुंडाळलेल्या साध्या आवाजावर करा, साध्या साउंडबारला डॉल्बी उलगडता येत नाही.

वाय-फाय स्पीकर: नेटवर्कचे दोष

इथल्या बहुतेक तक्रारी एकाच वाक्यात येतात: ‘ॲपला स्पीकर सापडत नाही.’ जोडणी करताना फोनचं ब्लूटूथ आणि लोकेशन चालू ठेवा. अँड्रॉइडवर आसपासची उपकरणं शोधायला अनेक ॲपना लोकेशनची परवानगी लागते. आयफोनवर आयओएस १४ पासून ‘लोकल नेटवर्क’ ही वेगळी परवानगी आली. ती एकदा नाकारली की ॲप गप्प बसतं, कारणही सांगत नाही. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करा. व्हीपीएन असेल तर बंद करा.

मग फोन आणि स्पीकर खरोखर एकाच नेटवर्कवर आहेत का ते बघा. स्पीकर स्वतःची हाक एमडीएनएस या पद्धतीने सगळ्यांना एकदम देतो आणि ही हाक नेटवर्कच्या कुंपणाबाहेर जात नाही. गेस्ट नेटवर्कमध्ये उपकरणांना एकमेकांपासून मुद्दाम वेगळं ठेवतात, तिथे ती पोचत नाही. राऊटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ चालू असेल तरी तेच. इंटरनेट कंपनीचा राऊटर एक आणि त्याला जोडलेला आपला दुसरा, अशी घरातली मांडणी असेल तर फोन एकावर आणि स्पीकर दुसऱ्यावर असू शकतो. दुसऱ्या राऊटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाका, दोघांचं मिळून एकच नेटवर्क होईल.

अनेक स्वस्त स्पीकरना फक्त २.४ गिगाहर्ट्झ समजतं. राऊटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असेल तर जोडणीपुरतं ५ गिगाहर्ट्झ बंद ठेवा, नंतर चालू करा. वाय-फायच्या सुरक्षेसाठी फक्त डब्ल्यूपीए३ ही नवी पद्धत निवडलेली असेल तर जुना स्पीकर आतच येणार नाही, डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र चालणारा पर्याय निवडा. २.४ साठी चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी शेजारच्या राऊटरची गर्दी कमी असेल तो घ्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा.

रोज नीट वाजणारा स्पीकर दर काही दिवसांनी गायब होत असेल तर राऊटरमध्ये त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) राखून ठेवा. गाणं सारखं थांबत असेल तर राऊटरच्या पानावर किंवा स्पीकरच्या ॲपमध्ये सिग्नलचा आकडा बघा, तो डीबीएममध्ये आणि उणे असतो. उणे ६७ डीबीएमपर्यंत गाडी सुरळीत चालते, उणे ७५ च्या खाली गेला की अडखळणं आलंच. अशा वेळी स्पीकर दोन फूट सरकवला तरी फरक पडतो. मागे लॅनचा पोर्ट असेल तर केबल लावा, इतका खात्रीचा उपाय दुसरा नाही.

जागा आणि जोडी

कोपरा म्हणजे दोन भिंती आणि जमीन. तिथे ठेवलेल्या स्पीकरचा बास फुगतो आणि बोलणं घुमल्यासारखं येतं. भिंतीपासून वीतभर तरी पुढे घ्या. बऱ्याच छोट्या पोर्टेबल स्पीकरच्या दोन्ही टोकांना थरथरणाऱ्या चकत्या असतात, त्या उशीला किंवा भिंतीला टेकू देऊ नका. स्टिरिओ जोडी लावताना दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा सम त्रिकोण व्हावा आणि ट्वीटर (बारीक, उंच सूर वाजवणारा भाग) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यावेत. जोडी सहसा एकाच मॉडेलची लागते आणि दोघांचं फर्मवेअर (स्पीकरच्या आतलं सॉफ्टवेअर) सारखं असलेलं बरं. ‘पार्टी’ आणि ‘स्टिरिओ’ या दोन गोष्टी निराळ्या आहेत: पार्टीत दोन्ही स्पीकर तेच वाजवतात, स्टिरिओत डावं-उजवं वेगळं होतं. डाव्या-उजव्याची चाचणी करणारी एखादी क्लिप वाजवून खात्री करा.

वीज, गुणगुण आणि शेवटचा रिसेट

स्पीकर लॅपटॉपवरच चार्जिंगला लावला आणि ऑक्स केबलही (आवाजाची साधी वायर) त्याच लॅपटॉपला जोडली की बारीक गुणगुण येते. विजेच्या दोन वाटा मिळून एक वळसा तयार होतो, त्याचा हा आवाज. चार्जर काढला आणि गुणगुण थांबली तर स्पीकर ठीक आहे. मोठ्या आवाजावर बास येताच स्पीकर बंद पडत असेल तर बहुतेक बॅटरी थकली आहे, एकदम लागणारा जास्त करंट तिला देता येत नाही. स्पीकरची बाजू फुगलेली दिसली तर तो चार्जिंगला मुळीच लावू नका, वापर तिथेच थांबवा.

फॅक्टरी रिसेट सगळ्यात शेवटी. त्याआधी प्लगवाल्या स्पीकरचा प्लग तीस सेकंद काढून ठेवा, राऊटर बंद-चालू करा आणि फर्मवेअर अपडेट करा. अपडेटच्या वेळी बॅटरी निम्म्याहून जास्त हवी, मध्येच बंद पडली तर स्पीकर कायमचा मुका होऊ शकतो. रिसेटची बटणं प्रत्येक मॉडेलची वेगळी असतात, ती पुस्तिकेतच पाहा.

तरीही खरखर राहिली तर दुसऱ्या फोनवरून तेच गाणं लावा, मग शक्य असेल तर ऑक्स वायरने. वायरनेही त्याच सुराला, तितक्याच आवाजावर खरखर आली तर दोष कोनमध्ये (आवाज काढणाऱ्या थरथरत्या पडद्यात) किंवा ॲम्प्लिफायरमध्ये आहे. जाळी काढता येत असेल तर काढा आणि टॉर्चच्या उजेडात कोनची कड बघा. फाटलेली किंवा सुटलेली कड डोळ्यांना दिसते, आणि मग स्पीकर दुरुस्तीलाच द्यावा लागतो.