थंडीच्या दिवसांत घोड्याला ऊब कशी द्यावी

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात पाणी गोठवणारी थंडी पडत नाही. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १३-१४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो आणि एखाद्या वर्षी काही दिवस तो १० अंशांच्याही खाली जातो. असे असूनही नेमके याच दिवसांत गाडी-शर्यतीचे घोडे खोकू लागतात, तट्टांना पोटशूळ होतो आणि नुकती जन्मलेली शिंगरे मलूल पडतात. उलट लडाखची झंस्करी आणि हिमाचलातील स्पितीची तट्टे शून्याखालच्या तापमानात, बर्फात दिवस काढतात. यावरून लक्षात घ्यावे की धडधाकट घोड्याला नुसती थंडी सहसा नडत नाही. त्याला नडते ती अंगावरची ओल, त्या ओलीवर लागणारा वारा आणि रात्रभर रिकामे राहिलेले पोट. या तिन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

घोडा स्वतःला ऊब कशी देतो, हे आधी समजून घेतले म्हणजे पुढची काळजी नेमकी घेता येते. थंडी लागताच त्याच्या अंगावरचे केस उभे राहतात आणि केसांच्या मुळाशी हवेचा एक थर अडकतो, तोच त्याचा खरा कोट. हिवाळी केसांची वाढ प्रामुख्याने दिवस लहान होऊ लागल्याच्या खुणेने होते. लडाखमध्ये उन्हाळ्यातला सर्वांत मोठा आणि हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस यांत साडेचार तासांचा फरक असतो, तर बेळगावात तो जेमतेम दोन तासांचा. त्यामुळे आपल्याकडच्या घोड्याचे केस तितके दाट होत नाहीत. तरीही बारीक केसांचा, कोरड्या अंगाचा, पोट भरलेला प्रौढ घोडा साधारण ५ अंशांपर्यंत फारसा त्रास न होता राहू शकतो, आणि दाट हिवाळी केस आलेला घोडा त्याहून कितीतरी खाली तग धरतो. म्हणून शर्यतीसाठी किंवा वरातीसाठी ज्या घोड्याचे केस कातरले आहेत, त्याची गणना वेगळी करावी, कारण त्याचा कोट आपणच काढून घेतलेला असतो.

ऊब देणारी दुसरी गोष्ट त्याच्या पोटात असते. वैरणीतला चोथा मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो, आणि तेथील सूक्ष्म जीव तो फोडत असताना तासन्‌तास उष्णता निर्माण होत राहते. धान्य बहुतांशी लहान आतड्यातच पचत असल्यामुळे त्यापासून ताकद मिळते, पण चोथ्याइतकी रात्रभर टिकणारी ऊब मिळत नाही. आपल्याकडे थंडी पडली की हुलगे आणि गूळ वाढवण्याची पद्धत आहे. त्यामागची माया मला पूर्ण मान्य आहे, पण आधी वाढवावी ती वैरण. घोड्याला दिवसाला त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडी वैरण लागते, म्हणजे ३०० किलोच्या तट्टाला साडेचार ते सहा किलो. थंडीच्या लाटेत यात किलोभर भर घालावी आणि दिवसाच्या वैरणीचा मोठा वाटा सूर्यास्तानंतर टाकावा, म्हणजे पहाटेच्या सर्वांत थंड वेळीही आतड्यात काम चालू राहते.

वैरण कोणती, हेही पाहावे लागते. वाळवून गंजी घातलेले डोंगरी गवत सर्वांत चांगले. जोंधळ्याचा कडबा बारीक कुट्टी करून गवतात मिसळून चालतो, पण ज्वारी कापल्यावर खोडव्याला येणारे कोवळे फुटवे घोड्याला कधीही चारू नयेत, कारण त्यांत विषारी अंश असतो. भाताचे पिंजर खानापूरच्या बाजूला मुबलक मिळते, तथापि त्यात पोषण फार कमी असते आणि केवळ त्यावर ठेवलेल्या घोड्याचे पोट बांधून येते, म्हणून ते अंथरुणाला वापरावे. कोणतीही वैरण हातात घेऊन वास घ्यावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळी पावसात भिजून बुरशी धरलेली गंजी गुरांना चालली तरी घोड्याला चालत नाही, कारण त्याची छाती आणि पोट दोन्ही गुरांहून नाजूक असतात. चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, वाढवायचीच असेल तर आठ-दहा दिवसांत थोडी थोडी वाढवावी आणि हुलगे शिजवूनच द्यावेत. एकदम वाढवलेल्या चंदीने खुरांच्या आतल्या भागाला सूज येऊन घोडा लंगडा होतो, आणि लठ्ठ तट्टांमध्ये हा धोका विशेष असतो.

पाण्याकडे बहुतेक जणांचे दुर्लक्ष होते आणि हिवाळ्यातील पोटशुळाचे एक मोठे कारण तेथेच असते. सिमेंटच्या टाकीतले रात्रभर निवलेले पाणी घोडा सकाळी नुसते ओठ लावून सोडतो. तिकडे तो कोरडी वैरण खात असतो, आणि पुरेशा पाण्याविना ती आतड्यात घट्ट होऊन अडकते. मोठ्या घोड्याला दिवसाला २० ते ४० लिटर पाणी लागते. सकाळ-संध्याकाळ बादलीत थोडे गरम पाणी ओतून ते कोमट करावे आणि घोडा किती प्यायला हे बादलीच्या खुणेवरून रोज पाहावे. चंदीत मोठ्या घोड्यासाठी २५ ते ३० ग्रॅम आणि लहान तट्टासाठी १५ ते २० ग्रॅम साधे मीठ मिसळले की तहान टिकते. गव्हाचा कोंडा भरपूर कोमट पाण्यात कालवून दिला तर तेवढे पाणी आपोआप पोटात जाते, मात्र तो एखाद्याच दिवशी न देता थोड्या प्रमाणात नियमित द्यावा, म्हणजे पोट बिघडत नाही.

आता निवाऱ्याविषयी. आमच्या घरी पहिल्या हिवाळ्यात आम्ही पागेच्या खिडक्या पोत्यांनी गच्च बंद केल्या होत्या, कारण पहाटे पूर्वेकडून येणारा कोरडा वारा आम्हालाच सहन होत नव्हता. आठवड्याभरात घोडी खोकू लागली. लीद आणि मूत यांतून निघणारा अमोनिया, वैरणीची धूळ आणि श्वासाची वाफ आत कोंडली की घोड्याच्या श्वासनलिकेला सूज येते, आणि तो त्रास थंडीपेक्षा कठीण असतो. पोती काढून आम्ही घोडीच्या पाठीच्या उंचीपर्यंतचा भाग बांबूच्या तट्ट्याने अडवला आणि छताखालची दीड फुटाची पट्टी मोकळी ठेवली. खाली आडोसा आणि वर वाट, हाच नेम आजही आम्ही पाळतो. पागेत बसून खाली वाकून श्वास घ्यावा. डोळ्यांना किंवा नाकाला झोंबले, तर वारा अडवण्याआधी लीद काढावी. पिंजराचा किंवा कोरड्या पाचटाचा थर किमान सहा इंच असावा आणि ओली जागा रोज उपसावी, कारण ओल्या अंथरुणावर बसलेल्या घोड्याच्या पोटाकडचे केस भिजून ऊब निघून जाते आणि खुरेही कुजतात. पागेत शेकोटी पेटवू नये. धुराचा त्रास तर होतोच, शिवाय पिंजर आणि पाचट एका ठिणगीने पेटतात आणि आगाडी-पिछाडीच्या दोरांनी बांधलेला घोडा पळू शकत नाही.

झूल घालायची की नाही, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. निरोगी, केस न कातरलेल्या, आडोशात राहणाऱ्या घोड्याला आपल्या भागात झुलेची गरज सहसा पडत नाही, उलट झुलेखाली केस दबून त्यांतली हवा निघून जाते. कातरलेल्या, कृश, म्हाताऱ्या आणि आजारी घोड्यांना ती घालावी. यासाठी धनगर आणि कुरुबर मंडळींनी विणलेल्या घोंगडीइतकी चांगली वस्तू मला माहीत नाही. मेंढरांमागे बिऱ्हाड वाहून नेणाऱ्या तट्टांच्या पाठीवर तीच घोंगडी असते, आणि लोकर थोडी ओलावली तरी ऊब धरून ठेवते. घोंगडी रुंद तंगाने, म्हणजे पोटाखालून घेतलेल्या पट्ट्याने, बांधावी, सुंभाने आवळू नये. प्लॅस्टिकचा ताडपत्री कागद अंगावर टाकू नये, कारण त्याखाली घाम साचतो आणि अंग आतून भिजते. दिवसातून दोनदा खांद्यामागे झुलेत हात घालून पाहावे. हाताला ओलसर गरम लागले तर झूल काढावी, आणि सकाळी ऊन चढल्यावर ती काढून खरारा करावा. ओल्या केसांवर झूल टाकण्याची चूक मात्र कधीही करू नये.

शर्यतीहून किंवा गाडीवरून परतलेल्या घामेजल्या घोड्याची काळजी तर रात्रीच्या सगळ्या व्यवस्थेपेक्षा महत्त्वाची आहे. त्याला लगेच बांधून ठेवू नये. छाती आणि जांघा कोरड्या होईपर्यंत हळूहळू फिरवावे, पिंजराच्या मूठभर बोळ्याने केसांच्या उलट दिशेने चोळावे आणि पाणी थोडे थोडे पाजावे. आंघोळ घालायची असेल तर ती दुपारी उन्हात घालावी, संध्याकाळी नव्हे. नोव्हेंबरच्या पावसात भिजलेल्या घोड्यालाही हाच उपाय लागू आहे.

शिंगरे, दात झिजलेली म्हातारी घोडी आणि बरगड्या दिसणारे घोडे यांना सर्वांत आधी थंडी लागते. नवजात शिंगराला तर १५-१६ अंशांची रात्रही जड जाते, म्हणून त्याला जन्मताच कोरड्या कापडाने पुसावे आणि पहिल्या दोन तासांत आईचे दूध मिळाले की नाही ते पाहावे. हिवाळी केसांमुळे घोडा गुबगुबीत दिसतो, तेव्हा डोळ्यांवर विश्वास न ठेवता दर आठवड्याला बरगड्यांवरून हात फिरवावा.

अंग थरथरणे, शेपूट आत घेऊन पाठ वाऱ्याकडे करणे, कानांची मुळे गार लागणे ही थंडी लागल्याची चिन्हे आहेत. अशा वेळी अंग पुसून आडोशाला घ्यावे आणि ताबडतोब वैरण टाकावी. प्रौढ घोड्याचे नेहमीचे तापमान ३७.५ ते ३८.५ अंश असते. ते याहून खाली गेले, घोड्याने वैरण सोडली, लीद टाकणे थांबले किंवा तो वारंवार पोटाकडे वळून पाहू लागला, तर पशुवैद्यांना बोलवावे आणि ते येईपर्यंत चारा काढून घ्यावा. नळकांड्याने तोंडात तेल किंवा काढा ओतू नये, तो फुप्फुसात उतरला तर पोटशुळाहून मोठे संकट उभे राहते.